मेणबत्ती कोणी फुंकली?

आमच्या लहानपणी काडेपेट्यांवरची चित्रे जमवण्याचा नाद गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांना होता. पुढे च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळू लागली आणि नाद तिकडे वळला. नेहमी मिळणाऱ्या पाच-सहा चित्रांच्या बदल्यात एखादे दुर्मीळ चित्र, असे व्यवहार मधल्या सुटीत चालत. त्यात भांडणे होत, फसवाफसवीही होई, पण ती तेवढ्यापुरतीच. ती चित्रे पुढे कुठे गेली, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

अमेरिकेत मात्र अशा चित्रांचा हिशेब लोकांनी फार काटेकोरपणे ठेवला आहे. १८८० च्या दशकात तिथे सिगरेटच्या मऊ पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत असत. त्या तुकड्यावर चित्र छापले, तर पुढचे चित्र मिळवण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा आपलेच पाकीट घेते, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले. नट्या, पक्षी, योद्धे आणि बेसबॉलपटू अशी त्यांची मालिकाच निघू लागली. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड होते. त्याने हरकत घेतली म्हणून त्याची छपाई लवकरच थांबली. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने हरकत घेतली असे काही जण सांगतात, तर पैशांवरून बिनसले असे दुसरे म्हणतात. कारण काही असो, त्या कार्डाच्या जेमतेम ६० च्या आसपास प्रती शिल्लक आहेत. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या कार्डांची न विकली गेलेली खोकी १९६० मध्ये गोदाम रिकामे करण्यासाठी अटलांटिक महासागरात बुडवली गेली. त्याच मालिकेतले मिकी मँटल याचे एक उत्तम स्थितीतले कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले!

मुलांच्या खेळाचे रूपांतर एवढ्या मोठ्या बाजारात होण्याला एका नव्या साधनाने हातभार लावला. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या संगणक-तज्ज्ञाने कॅलिफोर्नियात इंटरनेटवर लिलावाची एक जागा उघडली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटना गेला. १९९७ पासून ही जागा 'ईबे' या नावाने ओळखली जाऊ लागली. इथला लिलाव असा चालतो. विक्रेता वस्तूचे छायाचित्र आणि वर्णन देतो, सुरुवातीची किंमत ठरवतो आणि लिलाव किती दिवस चालणार ते जाहीर करतो. बोली लावणारा आपली कमाल मर्यादा यंत्राला गुपचूप सांगून ठेवतो. दुसऱ्याला मागे टाकण्यापुरती, ठरलेल्या टप्प्याने, यंत्र त्याची बोली वाढवत राहते. ठरलेला सेकंद आला की लिलाव बंद होतो. सर्वांत मोठी मर्यादा सांगणाऱ्याला वस्तू मिळते आणि त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेहून एखादा टप्पा जास्त रक्कम मोजावी लागते.

यात एक छोटीशी मुभा आहे. काही अडचण आल्यास विक्रेता ठरलेल्या वेळेआधीच लिलाव बंद करू शकतो. आम्हाला या लेखात जे सांगायचे आहे ते या मुभेसंबंधी आहे.

सुमारे दीड दशकापूर्वी आम्ही संशोधनासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावात राहत होतो. शेजारी एक वृद्ध बाई होत्या. पतीच्या निधनानंतर माळा आवरताना त्यांना बुटांच्या खोक्यात भरलेली जुनी कार्डे सापडली. नातवाने त्यातले एक कार्ड दहा दिवसांच्या लिलावाला लावून दिले. तिसऱ्या दिवशी बोली ४० डॉलरवर रेंगाळत होती. त्या संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा निरोप आला. मजकूर सौजन्याचा होता: ही कार्डे हल्ली फारशी जात नाहीत, पण माझ्या मुलाला हवे आहे, आजच लिलाव बंद केलात तर १५० डॉलर पाठवतो. ४० च्या जागी १५० मिळत आहेत हे पाहून बाईंनी लिलाव बंद केला. कारणाच्या रकान्यात नातवाने 'वस्तू आता उपलब्ध नाही' हा पर्याय निवडला. दोन महिन्यांनी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका कार्डवेड्या सहकाऱ्याने तेच कार्ड दुसऱ्याच विक्रेत्याकडे लिलावात पाहिले. ते कित्येक पटींनी विकले गेले. ते तेच कशावरून? खेळाडूच्या कानाशी छपाईचा एक निळा ठिपका होता आणि उजवीकडचा पांढरा काठ खाली किंचित निमुळता झाला होता. दोन्ही छायाचित्रांत दोन्ही खुणा जागच्या जागी होत्या.

बाईंना आम्ही हे सांगितले नाही. सांगायला हवे होते की नव्हते, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहे.

विक्रेत्याच्या राजीखुशीने व्यवहार झाला, मग त्यात गैर काय, असे कुणी विचारील. ईबेच्या नियमांनुसार तिथे मांडलेली वस्तू बाहेरच्या बाहेर विकता येत नाही, हे एक उत्तर झाले. पण ४० हा आकडा कार्डाच्या किमतीच्या इतका खाली का होता, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. खरे गिऱ्हाईक नव्हते म्हणून का? त्याचे उत्तर शोधायचे तर लिलाव संपतो कसा, याचा इतिहास पाहायला हवा आणि त्यासाठी साडेतीनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

'एक वार, दोन वार, तीन वार' हा पुकारा आपल्या परिचयाचा आहे. तिसऱ्या वारानंतर किती थांबायचे हे पुकारणाऱ्याच्या मर्जीवर असते. तो एखाद्यासाठी रेंगाळू शकतो, एखाद्यासाठी घाई करू शकतो. ही मर्जी काढून टाकण्यासाठी सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एक नामी उपाय वापरात होता. लिलाव सुरू करताना मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवायचा. ज्योत विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याची वस्तू. ज्योत कोणाचीच मर्जी राखत नाही. सुरत आणि आसपासच्या वखारींतून गेलेले सुती कापड, मलबारचा मिरी असा माल ईस्ट इंडिया कंपनी लंडनमध्ये याच मेणबत्तीच्या उजेडात विकत असे.

ब्रिटिश नौदलाच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पेपिस याने आपल्या रोजनिशीत अशा लिलावांची वर्णने लिहून ठेवली आहेत. ६ नोव्हेंबर १६६० रोजी त्याने दोन जहाजांचा लिलाव पाहिला. योगायोग असा की त्यातल्या एका जहाजाचे नावच 'इंडियन' होते आणि ते १३०० पौंडांना गेले. शेवटी सगळे एकदम ओरडू लागल्याने शेवटची बोली कोणाची हे ठरवणे अवघड झाले, असे तो लिहितो. ३ सप्टेंबर १६६२ ची नोंद तर आम्हाला विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात घालावीशी वाटते. सुरुवातीला बोली लावायला कोणी धजत नाही आणि ज्योत विझू लागली की सगळे तुटून पडतात, हे पेपिसने पाहिले. पण एक माणूस दरवेळी नेमका शेवटी बोलत होता आणि बाजी मारत होता. पेपिसने त्याला यामागचे गुपित विचारले. ज्योत विझण्याच्या क्षणी तिचा धूर खाली उतरतो, त्यावरून मला वेळ कळते, असे उत्तर त्याने दिले. पेपिसने ही गोष्ट आधी कधी पाहिली नव्हती.

धूर खाली कसा उतरेल, असे विद्यार्थी विचारतील. फुंकर मारून विझवलेल्या मेणबत्तीचा धूर तर वर जाताना सगळ्यांनीच पाहिला आहे. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी दिलेली मेणबत्तीवरची सहा व्याख्याने इथे मदतीला येतात. वातीजवळ काचेच्या वाकड्या नळीचे एक टोक धरून त्याने मेणाची वाफ एका भांड्यात आणली आणि ती जड असल्याने खाली कशी साचते ते दाखवले. ज्योत जोमात असताना तापलेली हवा वेगाने वर चढते आणि सगळे काही आपल्याबरोबर वर ओढून नेते. तुकडा संपत येऊन ज्योत आपसूक क्षीण होऊ लागली की हा वर जाणारा प्रवाह मंदावतो. मग थंड होणारी जड वाफ बारीक कणांच्या रूपात कडेने ओघळू शकते. फुंकर मारली तर हवा ढवळली जाते आणि वातही तापलेली राहते, म्हणून हा प्रकार दिसत नाही. वारा नसलेल्या खोलीत, मेणबत्ती आपोआप विझू देऊन, मागे काळा कागद धरून पाहावे. धीर मात्र हवा.

ज्योत निःपक्षपाती होती, पण तिच्या अंताची चाहूल सर्वांना सारखी लागत नव्हती. जो नीट पाहत होता त्याला एका क्षणाचा फायदा मिळत होता. लिलावाचे शास्त्र आजही बरेचसे या एका क्षणाभोवती फिरते.

पुढचा टप्पा टपालतिकिटांचा आहे. लिलावाच्या गावी जाऊ न शकणारे संग्राहक टपालाने आपली बोली कळवत. मग प्रश्न येई तो असा: मी १०० लिहून पाठवले आणि दुसरा कोणी ४० च्या वर गेलाच नाही, तर मी १०० का द्यावेत? याला काही व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा असा की वस्तू सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला द्यायची, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या आसपास घ्यायची. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहँप्टन गावी १८९३ साली तिकिटांचा असा लिलाव झाला होता, हे डेव्हिड लकिंग-रायली या अर्थशास्त्रज्ञाने जुनी कागदपत्रे धुंडाळून २००० साली दाखवून दिले. या पद्धतीचे गणित विल्यम विक्री याने १९६१ मध्ये मांडले होते. दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल तर आपल्या मनातली खरी किंमत सांगणे हेच प्रत्येकाच्या हिताचे ठरते, असे त्याने सिद्ध केले. १९९६ च्या ऑक्टोबरात त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी तो वारला.

इथे सगळी भिस्त लिफाफे उघडणाऱ्यावर असते. माझी १०० ची बोली त्याने वाचली आणि ९५ ची एक खोटी बोली स्वतःच लिहून टाकली, तर मला कसे कळणार? वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्यांचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून होत आला आहे. तिथेही शेतकऱ्याची नेमकी हीच तक्रार असते. ईबेने लिफाफ्याची जागा यंत्राला दिली. यंत्र गुपित फोडत नाही, म्हणून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

पण मेणबत्तीच्या जागी आता सर्वांना दिसणारे घड्याळ आले होते. लिलाव कोणत्या सेकंदाला संपणार हे कळायला धुराकडे पाहण्याची गरज उरली नाही. मग सगळेच पेपिसच्या त्या माणसासारखे वागू लागले! आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकनफेल्स या दोघांनी ईबे आणि ॲमेझॉन यांच्या लिलावांची तुलना करून २००२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲमेझॉनने १९९९ मध्ये सुरू केलेल्या लिलावांत (ते आता बंद झाले आहेत) शेवटच्या १० मिनिटांत बोली आली, तर मुदत आपोआप पुढे सरकत असे. तिथे शेवटच्या ५ मिनिटांत बोली येण्याचे प्रमाण १०० लिलावांत सुमारे ३ होते. ईबेवर मात्र संगणकांच्या लिलावांत ते सुमारे ४० आणि पुराण्या वस्तूंच्या लिलावांत सुमारे ५९ निघाले. माणसे त्याच देशातली आणि वस्तूही तशाच. फरक मुख्यतः संपण्याच्या नियमात होता. आम्हा प्रायोगिक शास्त्रज्ञांना हेवा वाटावा असा हा नैसर्गिक प्रयोग आहे.

पुराण्या वस्तूंत हे प्रमाण जास्त का, हेही पाहण्यासारखे आहे. जाणकाराने लवकर बोली लावली तर वस्तू अस्सल आहे हे तो फुकटात सर्वांना सांगून बसतो. म्हणून तो गप्प राहतो. कार्डांनाही हेच लागू पडते. शेवटच्या सेकंदांत बोली लावून देणारी संगणक-सेवासुद्धा पुढे पैसे देऊन मिळू लागली.

आता त्या ४० डॉलरकडे परत येऊ. समजा, एका कार्डावर तीन जाणकारांची नजर आहे. अ ने मनात ४०० डॉलर धरले आहेत, ब ने ३५० आणि क ने ३००. तिघेही शेवटच्या दहा सेकंदांची वाट पाहत आहेत. तोवर पडद्यावर दोन हौशी लोकांची ४० ची बोली दिसते. लिलाव शेवटपर्यंत चालला तर कार्ड अ कडे जाईल आणि विक्रेत्याला ३५० च्या आसपास मिळतील. पण विक्रेत्याला हे तिघे दिसतच नाहीत. त्याला ४० दिसतात आणि मागच्या दाराशी १५० घेऊन उभा असलेला एक माणूस दिसतो. त्याने लिलाव बंद केला तर त्याचे २०० डॉलर बुडाले आणि ते बुडाले हे त्याला कधी कळणारही नाही. अ चे कार्ड गेले, तेही कोणती स्पर्धा न हरता. तिघांनी पहिल्याच दिवशी आपापली मर्यादा यंत्राला सांगितली असती, तर पडद्यावर ३५० दिसले असते आणि १५० वाल्याला विक्रेत्याने दारातूनच परत पाठवले असते. प्रत्येक गिऱ्हाईक आपल्यापुरते शहाणपणाने वागत होते आणि त्यांच्या एकत्रित शहाणपणामुळेच मागचे दार उघडे राहिले. याचा फटका कार्डांची माहिती नसलेल्यालाच जास्त बसतो. मुरलेला व्यापारी असल्या निरोपाला उत्तरही देत नाही.

वेळेआधी बंद होणारे सगळे लिलाव या जातीचे नसतात. काही विक्रेते किंमत चढत नाही असे पाहून कार्ड मागे घेतात आणि महिन्याभराने पुन्हा मांडतात. ज्यांनी तोवर बोली लावली, त्यांनी त्याचे पैसे अडवून ठेवले होते, याचे त्यांना काही वाटत नाही. कुठे विक्रेत्याचा साथीदारच बोली चढवत असतो. ती त्याच्यावर थांबली की विक्रेता लिलाव तिथेच संपवून त्यालाच 'विकतो'. कार्ड हलतच नाही, पण ते अमुक किमतीला गेले अशी नोंद मागे राहते आणि पुढचे गिऱ्हाईक ती नोंद पाहून बोली लावते. कार्डाची कड कापलेली दिसते, असे कोणी जाहीरपणे विचारले की दुसऱ्या दिवशी लिलाव गायब, हाही एक प्रकार आहे.

आणि पुष्कळदा यातले काहीच नसते. कार्ड हरवते, घरात कुणी आजारी पडते, वर्णनात साल चुकीचे पडलेले असते. म्हणून एखादा लिलाव आधी बंद झाला की लगेच 'चोर' म्हणून ओरडणारे संग्राहक आम्हाला फारसे पटत नाहीत. समजा, १००० पैकी ५० लिलाव वेळेआधी बंद होतात आणि त्यांतले ४० निर्दोष आहेत. मग केवळ 'आधी बंद झाला' एवढ्यावरून संशय घेणारा पाचांपैकी चार वेळा चुकेल. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) दुसरा स्वतंत्र पुरावा जोडला तर चित्र बदलते. एकाच विक्रेत्याचे लिलाव वारंवार, आणि तेही महागड्या कार्डांचेच, बंद होतात का? तेच कार्ड काही आठवड्यांत दुसरीकडे उगवते का? दर्जा ठरवून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या कार्डावर क्रमांक असतो, त्यामुळे ओळख पटते. क्रमांक नसला तर काठांची रुंदी, कोपऱ्यांची झीज आणि छपाईचे ठिपके बोटांच्या ठशांसारखे उपयोगी पडतात. आमच्या सहकाऱ्याने हेच केले होते.

विक्रेत्याच्या शब्दावर किती विसंबावे, याचीही तपासणी झाली आहे. जिंजर जिन आणि अँड्र्यू केटो या संशोधकांनी ईबेवरून दर्जा न ठरवलेली बेसबॉल कार्डे खरोखरच विकत घेतली आणि ती तज्ज्ञांकडून तपासून घेतली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की कार्ड अत्युत्तम असल्याचा दावा करणाऱ्यांना भाव जास्त मिळत होता, पण त्यांचा माल काही सरस नव्हता.

खोट्या नोंदी किती दूरवर जातात हे पाहायचे तर वॅग्नरच्या कार्डाकडेच वळावे लागते. बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने त्याची एक प्रत १९८५ मध्ये २५,००० डॉलरना घेतली. त्या प्रतीच्या कडा आश्चर्य वाटावे इतक्या नीट होत्या. १९९१ मध्ये आइस हॉकीचा प्रसिद्ध खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार यांनी ती ४,५१,००० डॉलरना घेतली. दर्जा ठरवणाऱ्या एका नव्या कंपनीने त्याच वर्षी तिला आपला पहिला क्रमांक आणि १० पैकी ८ गुण दिले. २००० साली ती ईबेवरच्या लिलावात १२ लाख ६५ हजारांना गेली आणि २००७ मध्ये २८ लाखांना. दरम्यान मास्ट्रोने क्रीडावस्तूंच्या लिलावाचा मोठा व्यवसाय उभारला होता. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने त्याच्यावर खटला भरला, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. आपल्या लिलावांत खोट्या बोल्या लावून किमती फुगवल्याचे त्याने मान्य केले आणि वॅग्नरच्या त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या हेही मान्य केले. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. कापलेल्या कार्डाला एरवी कोणी विचारत नाही. या कार्डाची कीर्ती मात्र आता त्याच्या कापलेपणासकट आहे.

त्याच्या लिलावांत मेणबत्ती वेळेआधी विझली नाही, उलट खोट्या बोल्यांनी ती हवी तितकी जळत ठेवली गेली. परिणाम तोच झाला. किमतीचा आकडा पाहून लोकांना जे कळते असे वाटते, ते त्यात नव्हतेच. लिलाव हे एक प्रकारचे मोजमाप आहे असे आम्ही मानतो. ज्याची वस्तू मोजायची त्याच्याच हाती काटा थांबवायची कळ असेल, तर त्या मोजमापाला प्रयोगशाळेत कोणी उभे करणार नाही.

मग ही कळ कोणाच्या हाती असावी? ईबेने शेवटच्या १२ तासांत बोल्या रद्द करून लिलाव मागे घेण्याला मनाई केली आहे. पण बाईंचे कार्ड तिसऱ्याच दिवशी गेले, त्यांना या नियमाचा उपयोग नव्हता. कार्डांच्या अनेक मोठ्या लिलावसंस्था ॲमेझॉनसारखी मुदत पुढे ढकलतात. त्यामुळे शेवटच्या क्षणाची घाई कमी होते, गिऱ्हाईके थोडी आधी पुढे येतात आणि विक्रेत्यालाही ती दिसू लागतात. मागचे दार बंद करायला हा उपाय त्यातल्या त्यात बरा, असे आमचे मत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या संग्राहकांना तो आवडत नाही, हेही खरे.

गंमत म्हणजे मेणबत्तीसुद्धा परत आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोल्काडॉट या संगणक-जाळ्याने आपल्यावरच्या मोजक्या जागांचे लिलाव सुरू केले. शेवटच्या पाच दिवसांतला नेमका कोणता क्षण 'विझण्याचा' धरायचा, हे लिलाव उरकल्यावर यादृच्छिक पद्धतीने काढले जात असे. इथे पाहण्यासारखा धूरच नव्हता, त्यामुळे शेवटपर्यंत गप्प बसणे धोक्याचे ठरे.

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हे सगळे मुलांकडून करवून घेतले. साहित्य साधेच होते: केकवर लावतात त्या बारीक मेणबत्त्यांचे तुकडे, जुन्या काडेपेट्यांवरची चित्रे आणि प्रत्येकाला तीस-तीस चिंचोके. पहिली फेरी पेपिसच्या काळासारखी, ज्योत विझेपर्यंत. तुकडे लहान-मोठे होते तरी दोन-तीन लिलावांतच सातवीतल्या एका मुलीला सुगावा लागला. ती धुराकडे पाहत नव्हती. ज्योत निळसर आणि बुटकी झाली की ती हात वर करी. दुसऱ्या फेरीत आम्ही एकच नियम बदलला. विक्रेत्याला वाटेल तेव्हा मेणबत्ती फुंकून चित्र कोणालाही देता येईल, असे जाहीर केले. पहिल्या लिलावात पाच-सहा बोल्या झाल्या आणि विक्रेत्याने मेणबत्ती मध्येच फुंकून चित्र मित्राला दिले. दुसऱ्या लिलावात दोनच बोल्या आल्या. तिसऱ्याला मेणबत्ती पूर्ण जळून गेली तरी टेबलाशी कोणी आले नाही. सगळी मुले मागच्या बाकावर विक्रेत्याला घेरून त्याच्या कानात काहीतरी सांगत होती.